लाज सोडणें आणि ताळ सोडणें

मनुष्यानें स्वतःस आवरणें सोडून दिलें असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां त्याच्या हातून नेमकें काय सुटलेलें असतें? प्रश्न वरवर पाहतां शब्दांचा दिसतो. परंतु मराठी भाषेनें तो फार बारकाईनें हाताळला आहे. कोणी भीड सोडतो, कोणी लाज सोडतो, कोणी ताळ सोडतो; कोणी जनाची सोडून मनाची तेवढी ठेवतो, तर कोणी कमरेचें सोडून डोक्यास गुंडाळतो. या सर्व सुटण्यांत अंतर आहे, आणि आमच्या आज्यापणज्यांच्या बोलण्यांत तें अंतर सहसा पुसलें जात नसे. अलीकडे आपण सुशिक्षित लोक मात्र या साऱ्यांस 'संयम सुटणें' हें एकच ढोबळ नांव देऊन मोकळे होतों. त्यामुळें ज्यानें लाज सोडली त्यानें ताळहि सोडला असला पाहिजे, असा आपला ग्रह होतो; आणि ज्यानें लाज राखली तो संयमी, हा त्याच्या जोडीचा ग्रह आपल्या घराघरांत ठाण मांडून बसतो.

हा घोटाळा नीतिशास्त्राच्या परिभाषेनें सोडवूं गेल्यास तो वाढेल अशी आम्हांस भीति वाटते. एखाद्या लहानशा मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांनीं काय सोडलें आणि काय धरलें, हें पाहणें त्यापेक्षां सोपें. असा एक मुलूख आम्हांस माहीत आहे.

औंढा नागनाथाहून वसमतकडे निघालें म्हणजे हळदीच्या मुलखांतून वाट जाते, आणि त्या वाटेवर शिरड शहापूर हें गांव लागतें. गांव औंढा नागनाथ तालुक्यांतलें, जिल्हा हिंगोली. हा जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा निघाला; १९४८ पर्यंत हा सारा प्रांत हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखालीं होता. येथील श्रीमल्लिनाथाचें दिगंबर जैन मंदिर अतिशयक्षेत्र म्हणून मराठवाड्यांतल्या आणि वऱ्हाडांतल्या जैन कुटुंबांत प्रसिद्ध आहे. क्षेत्राची परंपरा सांगते कीं, ही मूर्ति मूळची नांदेडजवळच्या अर्धापूरची. कारंज्याच्या भट्टारकांनीं ती तेथून हलविली, आणि वाटेंत ती शिरडास राहिली ती राहिलीच. अशा कथांचा ऐतिहासिक कस लावणें हें आमचें येथील काम नव्हे. आमचें लक्ष वेधलें तें या देवस्थानाच्या शेजारानें. कांहीं कोसांवर औंढा. तेथें परंपरेनें विसोबा खेचराचें स्थान. हिंगोलीच्या बाजूस कयाधू नदीच्या कांठीं नरसी. तें नामदेवरायांचें जन्मस्थान मानलें जातें. दक्षिणेस गोदावरीच्या कांठीं गंगाखेड; तें जनाबाईचें. एकीकडे इंद्रियें मुठींत धरणाऱ्यांचा पंथ, दुसरीकडे टाळ घेऊन भर रस्त्यांत नाचणाऱ्यांचा. मार्ग इतके भिन्न. परंतु दोघांवरहि सभ्य गृहस्थाचा आक्षेप मात्र अगदीं एक आहे : यांनीं लाज सोडली!

प्रथम मल्लिनाथाकडे वळूं. हा एकोणिसावा तीर्थंकर. मिथिलेच्या कुंभ राजाचें हें अपत्य, आणि त्याचें लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, कलश आहे. दिगंबर परंपरेनुसार हा राजपुत्र. विवाहासाठीं नगर शृंगारलेलें पाहून त्यास पूर्वजन्मींच्या दिव्य स्थानाचें स्मरण झालें आणि तो तेथूनच दीक्षेकडे वळला. ज्या पांच तीर्थंकरांनीं विवाह केला नाहीं असें दिगंबर मानतात, त्यांपैकीं हा एक. श्वेतांबरांच्या आगमांत मात्र मल्लि ही राजकन्या आहे, आणि तिची गोष्ट विलक्षण आहे. तिच्या रूपाची कीर्ति ऐकून सहा राजे मिथिलेवर चालून आले. तिनें अगोदरच आपल्यासारखीच हुबेहूब एक पोकळ सुवर्णप्रतिमा करवून ठेवली होती, आणि रोजच्या जेवणांतला एक घांस ती प्रतिमेच्या मस्तकांतील छिद्रांतून आंत टाकून वर झांकण लावीत असे. सहाहि राजांस त्या प्रतिमेपुढें बसवून तिनें झांकण उघडलें. दुर्गंधीनें त्यांनीं नाकें धरलीं. ज्या देहासाठीं तुम्ही सैन्यें घेऊन आलांत त्याचें अंतरंग याहून निराळें नाहीं, एवढेंच तिनें सांगितलें. स्त्री कीं पुरुष, हा त्या दोन संप्रदायांतला जुना वाद आहे, आणि तो मिटविण्याचा आमचा अधिकार नाहीं; परंतु दोन्ही कथांत शृंगारलेल्या वस्तूवरील झांकण निघतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दिगंबर मुनि हें झांकण स्वतःच्याच देहावरून काढतो. त्याचे अठ्ठावीस मूलगुण सांगितले आहेत. पांच महाव्रतें, पांच समिति, पांच इंद्रियांचा निरोध, सहा आवश्यकें, आणि उरलेले सात. या सातांतच अचेलकत्व, म्हणजे वस्त्र न वापरणें, येतें. बाकीच्यांची यादी पाहिली म्हणजे वस्त्रत्याग कोणत्या सोबतींत बसविला आहे तें कळतें : केंस हातांनीं उपटावे, स्नान करूं नये, दांत घांसूं नयेत, भूमीवर निजावें, उभ्यानें जेवावें, दिवसांतून एकदांच जेवावें. अन्न हाताच्या ओंजळींत घ्यावयाचें. त्यांत केंस किंवा जंतु निघाला कीं त्या दिवसाचें जेवण संपलें. चालतांना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावयाचें. म्हणजे ज्या माणसानें आपल्या अंगावरील शेवटचें वस्त्र टाकलें, त्यानें पावलागणिक, घांसागणिक स्वतःस बांधून घेतलें आहे. कमरेचें सोडलें हें खरें; पण डोक्यास कांहींच गुंडाळलें नाहीं. सहा आवश्यकांतील एकाचें नांव कायोत्सर्ग. उत्सर्ग म्हणजे सोडून देणें. उभें राहून, हात सैल सोडून, 'हा देह माझा' ही पकड तेवढी सोडावयाची. मल्लिनाथाच्या पद्मासनाइतकीच ती उभी मुद्राहि जैन शिल्पांत सर्वत्र आढळते. आवरण्याच्या पराकाष्ठेस या लोकांनीं सोडण्याचें नांव दिलें, यांत शब्दांचा खेळ नाहीं.

परंतु हें व्रत इतिहासांत अखंड टिकलें, असें मात्र कोणी समजूं नये. मध्ययुगांत दिगंबर समाजाची सूत्रें भट्टारकांच्या हातीं गेलीं. वऱ्हाडांतील कारंजा हें त्यांच्या गाद्यांचें मोठें ठिकाण. हे पीठाधिपति दीक्षेच्या वेळीं वस्त्रें उतरीत आणि मग समाजाच्या विनंतीवरून पुन्हां धारण करीत. मठ, ग्रंथभांडार, पालखी, चामर हा सारा सरंजाम त्यांच्यापाशीं असे. त्यांनीं पोथ्या राखल्या, मूर्ति राखल्या, परक्या अंमलांत समाज एकत्र ठेवला. त्यांची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि लाज राखण्यासाठीं घेतलेलें वस्त्र पुढें मानाचें वस्त्र होतें, आणि मानाच्या वस्त्रास पालखी लागते, हा क्रम येथें स्पष्ट दिसतो. जे थोडे निर्ग्रंथ मुनि उरले होते, त्यांतहि वस्तींत शिरतांना अंगावर कापड घेण्याची रीत पडली होती. बेळगांव भागांतील भोज गांवचे सातगोंडा पाटील, जे पुढें आचार्य शांतिसागर झाले, त्यांनीं १९२० सालीं यरनाळ येथें मुनिदीक्षा घेतली आणि ती रीत मोडून काढली. त्यांचा जन्म १८७२ चा. म्हणजे दीक्षेसमयीं वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. १९२४ सालीं सांगलीजवळ समडोळीस त्यांस आचार्यपद मिळालें, आणि पुढें ते संघासह पायीं उत्तरेकडे गेले. रेल्वेच्या आणि वर्तमानपत्रांच्या त्या युगांत नग्न साधु शहरांच्या रस्त्यांतून चालतो आहे, हें पाहून इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांच्या माना खालीं गेल्या असतील. आचार्यांची मात्र गेली असेल ती पुढची चार हात जमीन पाहण्यापुरतीच. १९५५ सालीं मराठवाड्यांतच, कुंथलगिरीवर, छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेनंतर त्यांनीं देह ठेवला.

आतां औंढ्याची वाट धरूं. नामदेव जातीनें शिंपी. परंपरेनें जन्म १२७० आणि समाधि १३५० चा काळ. त्यांच्या आयुष्यांतील जो प्रसंग आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे, तो संतचरित्रकारांनीं, आणि विशेषतः महिपतीनें आपल्या १७६२ च्या 'भक्तविजयां'त, सर्वांच्या तोंडीं बसविला. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबा कुंभार थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. बाकीच्यांनीं निमूटपणें सोसलें, नामदेव रागावले. गोरोबांनीं निकाल दिला कीं, हें मडकें कच्चें आहे. देवाशीं नित्य बोलणाऱ्या भक्ताचा हा अपमान! नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणें घेऊन गेले, तर त्यानेंहि गुरु कर म्हणून विसोबा खेचराकडे औंढ्यास पाठविलें. तेथें पाहतात तों एक जराजर्जर म्हातारा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेवांनीं त्यास ताळ सोडल्याबद्दल सुनावलें. म्हातारा म्हणाला, माझ्यानें पाय हलवत नाहींत. जेथें देव नसेल तेथें तूंच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जेथें जेथें ठेवूं गेले, तेथें तेथें पिंड उभी राहिली.

ही कथा देवाच्या सर्वव्यापित्वाची म्हणून कीर्तनांतून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण आम्हांस तींत आणखी एक गोष्ट दिसते. थापटणें बसतांच नामदेवांचा जो तोल गेला, तो कोणत्या कारणानें? भूक, काम, लोभ यांपैकीं कोणतेंहि इंद्रिय येथें अनावर झालेलें नाहीं. अनावर झाला तो मान. आणि औंढ्याच्या देवळांत नामदेव ज्या मर्यादेचा कैवार घेऊन विसोबांवर धांवले, तिच्यांतहि 'मी मर्यादा जाणणारा' ही जाणीव होतीच. विसोबांचे पाय पिंडीवर होते; नामदेवांचा मी पिंडीच्याहि वर बसला होता. मल्लिनाथाचें चिन्ह कलश आणि नामदेवांची परीक्षा मडक्याची, हा योगायोग खरा. पण दोन्ही ठिकाणीं पाहिलें जातें तें आंत काय भरलें आहे हेंच.

औंढ्यास गेलेला वाचक तेथील हेमाडपंती देवळाच्या मागच्या अंगास उभा राहिला असेल. नामदेव कीर्तनास उभे राहिले, पुजाऱ्यांनीं त्यांस देवापुढून हुसकलें, ते देवळाच्या पाठीमागें जाऊन नाचूं गाऊं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी तेथली आख्यायिका. नंदी समोर नाहीं, याचें कारण लोक हेंच सांगतात. मंदिराचा खालचा कोरीव दगडी भाग जुना; वरचा भाग पडझडीनंतरच्या काळांत बांधलेला, हें पाहतांक्षणीं ओळखूं येतें. देऊळ फिरलें कीं नाहीं हा प्रश्न विचारणाऱ्यास इतिहास उत्तर देणार नाहीं. परंतु हुसकून लावलेल्या माणसानें अपमान मनांत न धरतां मागच्या अंगणांत नाच चालूं ठेवला, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे असें लोकांस शतकानुशतकें वाटलें, हें तर इतिहासाचेंच प्रमेय आहे. थापटण्यानें रागावलेला नामदेव आणि हा नामदेव, यांच्यामध्यें औंढ्याची वाट आहे.

जनाबाईची कथा याहून धीट. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरीं दासी म्हणून वाढली. डोक्यावरचें वस्त्र ढळलें तरी भरल्या पेठेंतून टाळ वाजवीत जाईन, अशा आशयाचा तिचा अभंग महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? आपल्या घरांतल्या बायकाहि तो गातात, आणि गातांना पदर नीट सांवरून घेतात! तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या दासीनें पदराची गोष्ट काढणें म्हणजे काय, याची कल्पना करावी. पदर ही तिच्यावर दुसऱ्यांनीं ठेवलेली खूण. ती तिनें खालीं येऊं दिली. पण त्याच जनाबाईचा दिवस दळण, कांडण, शेणगोठा आणि पाणी यांत गेला, आणि तें सारें करीत असतां नाम तिनें क्षणभरहि सोडलें नाहीं असें तिचे अभंग सांगतात. लाज सुटली, ताळ कोठें सुटला?

ताळ काय आणि टाळ काय, दोहोंचें मूळ संस्कृत 'ताल' या एकाच शब्दांत आहे. वारकऱ्यांची पाउली ज्यानें जवळून पाहिली आहे त्यास हें भाषाशास्त्र शिकवावें लागत नाहीं. शेंकडों माणसें एका ठेक्यावर पुढें येतात, मागें जातात, उडी घेतात, आणि पाऊल चुकत नाहीं. नाचून झाल्यावर म्हातारा पोराच्या पायां पडतो, पोर म्हाताऱ्याच्या. कोण कोणाचा, हें त्या वेळीं विचारीत नाहींत. ही सर्व मंडळी गळ्यांत तुळशीची माळ घातलेली. म्हणजे मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, परस्त्री मातेसमान आणि वारी न चुकविण्याचा नेम. हा नाच मोकाट माणसाचा नव्हे. तो वर्षभर बांधून राहिलेल्या माणसाचा आहे, आणि त्यानें सोडलेली वस्तु एकच आहे : लोक मला काय म्हणतील ही चिंता. ज्या महानुभाव वाङ्मयांत मराठी गद्याचा आरंभ सांपडतो, त्यांतहि म्हाइंभटानें ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचें असेंच चरित्र लिहून ठेवलें आहे. गांव त्यांस वेडा म्हणे, आणि ते वाटेल त्याच्या घरांत शिरून वाटेल त्याच्या हातचें खात. परंतु तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

मग आपणां पांढरपेशांचें काय झालें? एकोणिसाव्या शतकांत आपण संतांस पुन्हां जवळ केलें, यांत संशय नाहीं. १८६७ त मुंबईस प्रार्थनासमाज निघाला आणि तुकोबांचे अभंग त्याच्या उपासनेंत आले. १८६९ त सरकारी मदतीनें तुकोबांची गाथा शोधून छापण्यास आरंभ झाला. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांचे ते श्रम आजहि उपयोगी पडतात. शब्द छापले गेले, अर्थ लावले गेले, व्याख्यानें झालीं. पाउली मात्र कोणी सभागृहांत आणली नाहीं. समाजाच्या त्या सभासदांनीं पुष्कळ मोठीं कामें केलीं, आणि त्यांच्या धैर्यापुढें आमचें मस्तक नम्र आहे. तरी अभंग बसून ऐकावयाचा असतो ही समजूत आपल्या वर्गांत त्या पिढीपासूनच रूढ झाली. शाळा, कचेरी आणि साहेबाची नजर यांनीं शिकविलेली शिस्त आपण घेतली. ती उपयोगीहि पडली. चूक झाली ती तिला संयम हें नांव दिलें तेथें.

आमच्याच घरची एक गोष्ट सांगतों. आमचें लहानपण पालखीच्या वाटेवरच्या एका तालुक्याच्या गांवीं गेलें. आमचे वडील कचेरींत नोकरीस. अत्यंत नेमस्त, मोजकें बोलणारे, व्यसन कसलेंहि नाहीं. पालखी दारावरून जातांना ते ओट्यावर उभे राहून हात जोडीत. ओट्याच्या खालीं कधीं उतरले नाहींत. घरांत आमची एक विधवा आत्या होती. एके वर्षीं ती पाणी द्यावयास म्हणून खालीं गेली आणि वारकरणींनीं तिचे हात धरले. पाहतां पाहतां आत्यानें फुगडी घातली. वय पन्नाशीच्या पुढें. पदर सुटला, श्वास लागला, आणि ती हंसत होती. तिचें तें हंसणें आम्हां मुलांस नवीन होतें. वडील दोन दिवस तिच्याशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं एवढेंच म्हणाले, "ताई, मामलेदार समोर उभे होते." आत्या म्हणाली, "मला दिसले नाहींत रे."

त्या दोघांत संयमी कोण, असा प्रश्न आम्हांस त्या वेळीं पडणें शक्य नव्हतें. आज पडतो. आत्याचे उपास, तिचा पहाटेचा नेम, तिचें एकवेळचें जेवण यांत त्या फुगडीनें तिळमात्र फरक पडला नाहीं. आमच्या वडिलांस मात्र कचेरींत कोणी नमस्कार करावयाचा राहिला तर त्या रात्रीं झोंप येत नसे. तेंहि आम्हीं पाहिलें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, लाज सोडणारे सारे थोर आणि राखणारे सारे दांभिक, असा हा सोपा निवाडा दिसतो. तसें नाहीं, आणि इतिहासच तसें म्हणूं देत नाहीं. इरावतीबाई कर्वे यांनीं पालखीबरोबर पायीं जाऊन जें लिहिलें, आणि जें १९४९ च्या 'परिपूर्तीं'त आहे, त्यांत त्यांच्या दिंडींतील ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसत असल्याचें त्यांनीं दुःखानें नोंदलें आहे. रस्त्यांत एकमेकांच्या पायां पडणारे जेवतांना दोन होत. म्हणजे लाज सुटली ती टाळ वाजेपर्यंतच.

दुसरी नोंद आवरण्याच्या बाजूची. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास दहा दिवस उपोषण केलें, तें विठ्ठलाचें मंदिर हरिजनांस मोकळें व्हावें म्हणून. त्याच वर्षीं मुंबई सरकारनें हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. आणि जैन हा स्वतंत्र धर्म आहे, त्याच्या मंदिरांस हा कायदा लागूं नये, म्हणून आचार्य शांतिसागरांनीं १९४८ पासून १९५१ पर्यंत धान्य वर्ज्य केलें. दोघेहि अन्न सोडणारेच. एकानें दहा दिवस सोडलें, दुसऱ्यानें तीन वर्षें धान्य सोडलें. केवळ निग्रह मोजावयाचा तर आचार्यांचें पारडें जड होईल. आचार्यांची बाजू धर्माच्या स्वतंत्रतेची होती, आणि ती त्यांस प्राणाहून मोलाची वाटत होती, हें मान्य करूनहि आम्हांस गुरुजींचें उपोषण अधिक जवळचें वाटतें, हें आम्ही लपवीत नाहीं. निग्रह ही शक्ति आहे. ती दार उघडण्यास लागते, तशी दार लावण्यासहि लागते. तिच्या मोजमापावरून दाराची दिशा कळत नाहीं.

आणि आज? आजच्या वरातींत, ज्यास डीजे म्हणतात त्या कर्ण्यांच्या भिंतीपुढें आपलींच मुलें नाचतात, आणि आपण वडीलधारे संयम सुटला म्हणून हळहळतों. आम्हीहि हळहळलों आहों. पण नीट पाहिलें तर त्या नाचांत लाज सुटलेली नसते. भिंत केवढी उंच लावली, शेजारच्या लग्नांत केवढी होती, नाचतांनाचें चित्र किती जणांनीं पाहिलें, याचीच मोजदाद चाललेली असते. लोक काय म्हणतील ही चिंता पुरेपूर शाबूत, ताळ तेवढा गेलेला. आमचे वडील आणि हीं मुलें यांच्यांत वाटतें तितकें अंतर नाहीं. मामलेदार दोघांसहि दिसतो.

नामदेवांनीं उत्तरेंत, पंजाबांत, आयुष्याचीं कित्येक वर्षें घालविलीं. त्यांचीं एकसष्ट पदें गुरु ग्रंथसाहिबांत आहेत, आणि घुमान गांवीं, जेथें २०१५ सालीं मराठी साहित्यसंमेलन भरलें, त्यांचें स्मरण आजहि जागें आहे. परंतु परंपरा सांगते कीं, शेवटीं ते पंढरपुरासच परतले. मंगळवेढ्यास गांवकुसाच्या बांधकामांत दडपून मेलेल्या चोखोबांच्या अस्थि त्यांनींच आणल्या, आणि ज्या देवळांत चोखोबांस जिवंतपणीं प्रवेश नव्हता त्याच्या महाद्वारासमोर त्यांची समाधि बांधली. स्वतःसाठीं त्यांनीं मागितलें तें त्याच दाराच्या पायरीचें स्थान; आंत जाणाऱ्या संतसज्जनांचे पाय आपल्यावर पडावे म्हणून. थापटणें सहन न झालेल्या माणसाची ही शेवटची मागणी.

नरसीहून, शिरडाहून, वसमतेहून दर आषाढींत माणसें पंढरपुरास जातात. महाद्वारापाशीं आलीं म्हणजे पितळेनें मढविलेल्या त्या पायरीस हात लावतात, तो कपाळास लावतात, आणि मग पाऊल उंच उचलून, तिला धक्का लागूं न देतां, आंत जातात.